सुनीता नऊ वाजता पडली

१२ मे, सोमवार

पयले आली मंदा. तिचं घर आमच्या भिंतीले लागून, तरी भेटाले येते तवा पदर नीट करून, चपला घालून, लांबची पाव्हणी आल्यासारखी येते. बिस्किटाचा पुडा सुनीताच्या उशाले ठेवला अन् आपल्या भाचीच्या सोयरिकीचं सुरू केलं. पोरगा गोरा आहे पण तोतरा आहे म्हणे. माही सून पडल्या पडल्या अर्ध्या तोंडानं हासत होती. हासली की डावी बाजू वर जाते, उजवी तिथंच राह्यते. मले ते हासणं बी गोड लागते.

मंग रशिदाबी आली, गावरान आंबे घेऊन. एक आंबा मी तिथंच चोखला. कोय पांढरी होईपर्यंत. रशिदाबी म्हणे, "बीमार कोन हाय, तुमी का सुनीता?"

मंग आले ते दोघं. आमचे जुने सरपंच भाऊराव, अन् त्यायच्या मागं त्या दवाखान्यातला कंपाउंडर. हातात केळी, काळी पडलेली. डॉक्टरसाहेबाले लय वाईट वाटलं म्हणे. वाईट वाटाले पंचवीस दिवस लागले. कंपाउंडर बाजेपासून दोन हात लांब उभा, सुनीताच्या तोंडाकडं पाहेच ना. तंबाखूचा खर्रा तोंडात. शेवटी भाऊरावानं कोपर मारलं तवा म्हणे, "कसं वाटते ताई?"

सुनीता त्याले साफ बोलली, "मुडद्या."

रशिदाबीनं ओढणीत तोंड लपवलं. भाऊराव खोकले. मी म्हटलं, राग मानू नका, तिले तीनच शब्द येतात. नाई, भात अन् हा आत्ताचा. चहा आणला तरी मुडद्याच म्हणते. हे खरंच आहे. पण त्याले म्हटलं तवा तिचा डोळा येगळा होता.

जाता जाता तो आमच्या मोरीत थुंकला. जिथं मी तिचे भांडे घासते तिथं. पाणी टाकलं, राख टाकली, तरी मले तो लाल रंग दिसूनच राह्यला. जेवण गेलं नाई.

वहीत हे लिहाचं नव्हतं. ही वही व्यायामाची आहे.

१३ मे, मंगळवार

व्या. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सुनीता लिहाले लांब पडते, सु. लिहीन.
सु. उजवा हात: खांदा थोडा. बोटं नाई. उजवा पाय: गुडघा दोनदा.

बुलढाण्याच्या दवाखान्यातली व्यायामाची मॅडम दर मंगळवारी मोबाईलवर दिसते. तिनंच सांगतलं, आजी, काय हाललं ते रोज लिहा. पायल म्हणे मी लिहिते. पण नातीचे कॉलेजचे पेपर सुरू, रोज चिखलीले जाणं येणं. मंग मीच घेतली पेन. चौथी शिकली मी. मॅडमले माहं अक्षर दाखवलं तर म्हणे, छान आहे. ते ऐकून दिवसभर मी दोन इंच उंच चालली.

मॅडमले मुडद्याचं इचारलं. ती म्हणे, शिव्या डोक्यात येगळ्या जागी राह्यतात, बोलणं गेलं तरी त्या वाचतात. रशिदाबीले सांगतलं तर म्हणे, मंग मले काई झालं तर मी दिवसभर बोलत राहीन.

१५ मे, गुरुवार

आज चार आठवडे. मॅडमनं इचारलं नाई, तरी लिहिते.

१७ एप्रिल, तो बी गुरुवारच. सु. ची शेवयाची मशीन अंगणात चालू होती. सातपासून बाया रांगेत, आपापले डबे, पिठाचे गोळे घेऊन. दहाले लाईट जाणार होती म्हणून सगळ्यायले घाई. मंदाचा गोळा मशीनमध्ये होता. नऊची चिखली गाडी फाट्यावर हॉर्न देऊन गेली अन् सु. च्या हातातून काठी पडली, शेवया तोडाची. मंदा म्हणे, "अव लक्ष कुठं आहे?" सु. नं वळून पाह्यलं तर तोंड एकीकडं गेलेलं. मंग बसली, बसल्या बसल्या कलली. मशीन चालूच. शेवया जमिनीवर पडून राह्यल्या, बंद कराचं कोणाच्या ध्यानातच नाई.

रशिदाबीच्या मालकानं आटो काढला. पावणेदहाले आम्ही दवाखान्यात. माहा पोरगा गजू वावरात होता, त्याले मागून फोन केला.

दवाखाना खाली, डॉक्टरचं घर वर. कंपाउंडरनं हाताले पट्टा बांधून बीपी पाह्यला अन् म्हणे, ऊन लागलं, अशक्तपणा आहे. सलाईन लावलं. म्हटलं, तोंड वाकडं झालं दादा. म्हणे, बीपी वाढला की होते. म्हटलं, साहेबाले बोलवा. म्हणे, येतीनच. साखरपाणी पाजा म्हणे. म्या पाजलं. ते तिच्या उजव्या बाजूनं गळून मानेखाली गेलं अन् ती ठसकली, काळीनिळी झाली. तो म्हणे, हळू पाजा ना.

वर पाव्हणे होते. डॉक्टरच्या साळ्याचा साखरपुडा. जिन्यावरून ताटं वर जाऊन राह्यली, उष्टी खाली येऊन राह्यली. भज्याचा वास. हासण्याचा आवाज. बाई मेली तरी चालते, भजे थंड नाई झाले पायजे. बाराले म्या जिन्यावर पाय ठेवला तर कंपाउंडर आडवा आला, "आजी, घरात पाव्हणे आहेत, कसं दिसते ते."

चारले डॉक्टर उतरला. हात टिशूनं पुसत पुसत. सु. ची पापणी बोटानं वर केली, बॅटरी मारली. दोन मिनिटं. म्हणे, बुलढाण्याले न्या, डोक्याचा फोटो काढा लागते.

तिच्या पापणीवर तेलाचा डाग राह्यला. म्या पदरानं पुसला. आजबी कधी तिचं तोंड धुते तर आधी ती पापणी धुते.

बुलढाण्यात सहा वाजले. तथली डॉक्टरीण लहानच, पायलपेक्षा काई वर्षं मोठी. फोटो पाहून म्हणे, डोक्यात रक्ताची गाठ अडकली होती. साडेचार तासाच्या आत आणलं असतं तर इंजेक्शन होतं, द्यायचा विचार करता आला असता. आता उजवी बाजू किती येईन सांगता येत नाई. गजूनं इचारलं, पूर्ण येईन ना? तिनं व्यायामाच्या मॅडमच्या नावानं चिठ्ठी लिहून दिली.

एक गोष्ट लिहाची राह्यली. आज नाई लिहित.

१७ मे, शनिवार

व्या. झाला. सु. अंगठा. अंगठा हालला. मी पायलले हाक मारली, ती पेपराचं वाचन टाकून पळत आली, तर परत हालला नाई. पण म्या पाह्यला. मले गूळ वाटावासा वाटला, मंदाले वाटला बी.

मंग परत ते दोघं. या बारीले कागद घेऊन, टाईप केलेला. पायलनं तक्रार केली, गजूची सही घेऊन जिल्ह्याले पाठवली, त्याची चौकशी लागली आहे म्हणे. म्हणून यायले आमचं घर आठवते.

पायलनं वाचून दाखवला. पेशंटले रात्रीपासून त्रास होता, नातेवाईकानं सकाळी उशिरा आणलं, आणलं तवाच इंजेक्शनची वेळ गेली होती, दवाखान्यावर आमची काई तक्रार नाई. खाली सहीची जागा, तिथं माहं नाव. गजूचं नाई, माहं.

पायल म्हणे, "खोटं आहे हे. नऊले पडली माही मम्मी."

कंपाउंडर माह्याकडं पाहून म्हणे, "आजीले इचारा ना. आजीनंच सांगतलं मले."

म्या म्हटलं, आज भाकरी टाकाच्या आहेत, नंतर या.

आता लिहिते. म्याच म्हटलं होतं.

कसं सांगू. दवाखान्यात आताचं दुखणं आताचं सांगतलं तर कोण पाह्यते? घरी जा, लिंबूपाणी प्या म्हणतात. म्हणून ताप एक दिसाचा असला तरी चार दिसाचा सांगाचा. माही सासू असंच सांगे. गजू लहानपणी हगवणीनं सुकला तवा म्या दुपारचं दुखणं परवापासूनचं सांगतलं अन् नर्सनं त्याले रांगेतून उचलून नेलं. या गावात सगळ्या बाया असंच सांगतात. खोटं वाटतच नाई ते, रांगेत कोपर मारल्यासारखं आहे.

त्या दिवशी बी तेच. कंपाउंडर मोबाईलमध्ये पाहून राह्यला होता. म्हटलं, "दादा, रात्रीपासून अशीच आहे हो, लवकर पाहा." त्यानं मान वर केली नाई. पण ऐकलं बराबर. सुईची जागा सापडत नव्हती त्याले, तीनदा टोचलं, पण हे एक वाक्य नेमकं जपून ठेवलं.

त्याची थुंकी आठवते, माहं तोंड बी आठवते.

२० मे, मंगळवार

सु. उ. हात: कोपर थोडं. अंगठा एकदा. पाय: धरून उभी, दहा मोजेपर्यंत. मॅडम खुश.

दुपारी बाया जमल्या. पायलनं इचारलं होतं, चौकशीत सांगसान काय? सांगू म्हणे. मंदा म्हणे, "माहाच गोळा होता मशीनमध्ये, नऊची गाडी गेली होती." पाटलाची सून म्हणे, "तुहा कायचा, माहा होता." मंदा म्हणे, "तुहा मागून होता, तुह्या पिठात गुठळ्या होत्या म्हणून सुनीतानं मागं ठेवला." दोघी उठून उभ्या. रशिदाबी म्हणे, "बसा व. गोळा कोनाचाबी असंन, पोरगी नऊलेच पडली ना?" मी हासली, लय दिवसानं पोट दुखेपर्यंत. सु. बी हासली.

मंग मंदानंच इचारलं, "पण ते रात्रीपासून म्हणून कोण बोललं मंग?"

म्या मांजराले हाकललं. मांजर नव्हतंच तथी.

२१ मे, बुधवार

व्या. एकदाच झाला.

गजू दुपारी घरी आला, पाणी बी न पिता बसला. पानटपरीवर भाऊरावाची माणसं सांगून राह्यली म्हणे, सासूले सून नको होती, म्हणून रात्रभर घरात ठेवली अन् सकाळी आणली.

मी तिचा गू काढते. हे कोण म्हणतात, तर ज्यायच्या घरी सासवा ओसरीत एकट्या जेवतात ते.

गजू म्हणे, "माय, तू म्हटलं होतं काय तसं?"

म्या म्हटलं, "नाई."

त्यानं मान हालवली. मंग म्हणे, "तरी सही करून टाक माय. आपल्याले अथीच राहाचं आहे. उद्या पायलले ताप आला, तुले काई झालं, तर त्याच दवाखान्याच्या पायऱ्या चढा लागतात. दुसरा आहे काय जवळ?"

तो भित्रा नाई. वावरात साप निघाला तर हातानं धरते. पण डॉक्टरसमोर त्याचे खांदे खाली येतात, माहे बी येतात. आपल्या घरच्या बाईची अशी गत करणाऱ्याले आपण साहेब म्हणतो, अन् तो बी म्हणू देते.

पडद्यामागं सु. जागी होती.

२३ मे, शुक्रवार

सु. ले सांगतलं. पायल पेपरले गेली, गजू वावरात, घरात दोघीच. तिची वेणी घालत होती. तोंडासमोर नाई झालं माह्याच्यानं, म्हणून मागून सांगतलं, केसायले. म्हटलं, सुनीता, त्या दिवशी म्याच रात्रीपासून म्हटलं होतं. लवकर पाहावं म्हणून म्हटलं.

मंग मी पुढं येऊन बसली. ती माह्याकडं असं पाहून राह्यली जसं कोणी कालची गोष्ट आज सांगत आलं.

तिले माहीत होतं. ती तथीच पडली होती ना, माह्या बाजूले, बाकावर. तोंड गेलं होतं, कान कुठं गेले होते? म्हणजे महिनाभर तिले माहीत. महिनाभर ती माह्या हातून घास खाऊन राह्यली, माह्याच खांद्यावर हात टाकून उभी राहून राह्यली. अन् मी मांजर हाकलून राह्यली.

आमच्या दोघीत एक खूण आहे, हाव म्हणाचं तर ती डाव्या हातानं माहा हात दाबते. म्हटलं, गजूले सांगू?

दाबला नाई. सोडला बी नाई.

मंग भात म्हणाली. म्या भात कालवला, वरण जरा जास्त.

२५ मे, रविवार

सु. पाय: बाजेपासून दारापर्यंत, धरून. हे लिहाले पायजे मोठ्या अक्षरात. दारात उभं राहून तिनं मशीनकडं पाह्यलं, झाकून ठेवली आहे ती. शेवयाचा हंगाम गेला. यंदा बाया दुसऱ्या गावात जाऊन करून आल्या, आम्हाले दिसू नाई म्हणून डबे पदराखाली झाकून नेले.

गजूले सांगतलं. तो म्हणे, "मले नाई काऊन म्हटलं मंग?" म्हटलं, लाज वाटली. म्हणे, "मी चौकात तीन जणायसंग भांडलो माय. माही माय असं म्हणूच शकत नाई म्हटलं." भाकरी तशीच ठेवून उठला.

पायल वकिलासारखी आहे. ती म्हणे, "आजी, तू लिहून दिलं तर ते तेवढंच वाक्य उचलतीन. बाकीचं फाडून टाकतीन. तू गप राहा, बाया सांगतीन नऊचं, तेवढं पुरते." म्हटलं, अन् मले कोणी इचारलं तर? म्हणे, "म्हणजो, आठवत नाई. तुह्या वयात चालते."

माह्या वयात चालते. तेच तर ते लोक बी म्हणून राह्यले. म्हातारीचा काय भरोसा.

नात हुशार आहे. मले तिचा लय अभिमान. पण तेच बोलणं आता अथी बी. आमच्याच घरात, आमच्याच तोंडून.

२८ मे, बुधवार

व्या. सकाळचा झाला. अंगठा तीनदा. संध्याकाळचा नाई.

चार वाजता गाडी थांबली दारात. डॉक्टर स्वतः. संग भाऊराव अन् कंपाउंडर. मंदा छतावर चढली पाहाले, मिरच्या वाळत होत्या म्हणे, नव्हत्या. पायल आतून पाणी घेऊन आली, ग्लास ठेवला अन् तथीच उभी राह्यली.

डॉक्टर प्लास्टिकच्या खुर्चीत बसला. बसाच्या आधी सुनीताकडं गेला, तिचा हात उचलून पाह्यला, सोडला. तो बाजेवर पडला. म्हणे, "इम्प्रूव्हमेंट आहे." तिचा हात तिच्या मांडीवर परत ठेवाचं बी त्याले सुचलं नाई. म्या ठेवला.

सु. त्याले काईच बोलली नाई. कंपाउंडरले मुडद्या, चहाले मुडद्या, याले काईच नाई. नुसती पाहून राह्यली.

डॉक्टर म्हणे, "आजी, तुम्हीच सांगितलं ना, रात्रीपासून? आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवला."

म्हटलं, "हाव, म्याच सांगतलं."

भाऊरावाचं तोंड खुललं. पायलनं डोळे मिटले.

म्हटलं, "अन् तुम्ही कवा इचारलं साहेब? तुम्ही तर चारले उतरले."

"मी बाहेरगावी होतो त्या दिवशी."

"वर होते तुम्ही. भजे होते. कांद्याचे."

कंपाउंडरनं खाली पाह्यलं. डॉक्टरनं त्याच्याकडं पाह्यलं, असं पाह्यलं जसं वास त्यानंच खाली आणला. मंग हासून म्हणे, "आजी, पेशंट रात्रीपासून असा आहे म्हटल्यावर मी वर असलो काय, खाली असलो काय, सारखंच."

म्या म्हटलं, "मंग सलाईन काऊन लावलं? सारखंच होतं तर तेव्हाच बुलढाण्याले काऊन नाई पाठवलं? रात्रीपासूनच्या बाईले साखरपाणी पाजतात काय?"

हे मले आधी सुचलं नव्हतं. बोलता बोलताच सुचलं. महिनाभर मी माह्याच वाक्याखाली दबून राह्यली, अन् रात्रीपासून धरलं तरी यायनं काय केलं? सहा तास बाकावर ठेवलं. पायलनं डोळे उघडले.

भाऊराव म्हणे, "बुढे, वाद नको. डॉक्टर आपल्या गावाच्या कामाचा माणूस आहे. तू सही कर, आम्ही रात्रीपासूनची ओळ काढून टाकतो. फक्त तक्रार नाई एवढंच राहू दे."

म्हणजे ती ओळ काढता बी येते. खरी होती तर काढता कशी येते?

म्हटलं, सही नाई करत. मी माह्या हातानं लिहून देते. काय म्हटलं, कवा म्हटलं, ती कवा पडली, तुम्ही कवा उतरले. सगळं. माहं खोटं बी त्यातच. तुमच्या कागदावर नाई, माह्या कागदावर, अन् एक कागद जिल्ह्याले बी जाईन.

डॉक्टर उठला. भाऊराव म्हणे, "तुले काय लिहाले येते व?" डॉक्टर म्हणे, "लिहू द्या. आम्ही येऊ वाचायला. मग ठरवू." सभ्यपणे म्हणाला, अन् तोच सभ्यपणा मले जास्त घाण वाटला.

ते गेल्यावर पायल म्हणे, तू त्यायले पायजे तेच वाक्य दिलं आजी. मंग म्हणे, पण ते साखरपाण्याचं लिह्यजो. मंग म्हणे, बरं केलं का वाईट, मले माहीत नाई. गजू कुडाजवळ उभा राहून सगळं ऐकत होता, आत आला नाई. मशीनवरचं पोतं वाऱ्यानं सरकलं होतं ते नीट केलं अन् परत वावराकडं गेला.

सु. जवळ कागद घेऊन बसली. दोन ओळी झाल्या. पयली ओळ माह्या खोट्याची. ती वाचून दाखवली तिले. तिनं डावा हात पुढं केला, मले वाटलं दाबते. तिनं पेन घेतली. धरता येत नाई तिले डाव्या हातानं, तरी कागदाच्या खाली एक रेघ मारली, वाकडी, पार पलीकडं गेली. सही आहे का खोडलं, मले समजलं नाई. इचारलं तर डोळे मिटून घेतले.

जाता जाता रविवारी येतो म्हणे. एक जून, सकाळी दहा वाजता, तिघंबी. आता येळ बी लिहून ठेवते: हे बोलले तवा पायलच्या मोबाईलमध्ये पाच वाजून बारा मिनिटं झाली होती.